हिरव्याला परवानगी लागते

माझ्या स्वभावाबद्दल आमच्या घरात दुमत नाही. मी तापट आहे. लोकांच्या डोक्याची तपासणी करणाऱ्या बाईला स्वतःचं डोकं ताब्यात ठेवता येत नाही, या गोष्टीवर माझ्या आईची वर्षानुवर्षं करमणूक चालू आहे. वाढले पाटोद्याला, शिकले पुण्याला, आणि दवाखाना थाटला आष्टीत, बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. मानसतज्ज्ञ म्हणजे नेमकं काय, हे तिथे कुणाला सांगत बसायची गरज पडली नाही. जिना चढून आलेल्या प्रत्येकाने मला पहिल्या दिवसापासून डाक्टरीन बाई केलं आणि विषय मिटवला.

सुरुवातीला मी कागदावरच्या चाचण्या घेत असे. हातात पेन्सिल दिली की साठीचा गडीसुद्धा शाळेत उभं केल्यासारखा घामाघूम व्हायचा. मग मी संगणकावरची चाचणी आणली. एक लॅपटॉप, आणि त्याला वायरीने जोडलेली छोटी पेटी. पेटीवर एकच मोठी गोल कळ. पडद्यावर आकृत्या येतात, त्या कुठे होत्या ते लक्षात ठेवायचं. आवाजात बारा शब्द ऐकू येतात, ते परत सांगायचे. मग वर्तुळं येतात, हिरवं दिसलं की लगेच कळ दाबायची, लाल दिसलं की हात आवरायचा. शेवटी वयाच्या आणि शिक्षणाच्या हिशेबाने आलेख तयार. मला त्या यंत्राचं इतकं कौतुक होतं की येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते नव्या सुनेसारखं दाखवत असे.

लोकांनी त्याला नाव ठेवलं ‘डोक्याचा काटा’. आणि इथेच माझी पंचाईत झाली. आमचा भाग उसाचा. ऊसवाल्या माणसाचा जगातल्या कुठल्याही काट्यावर विश्वास नसतो. गाडी आधी दुसरीकडे तोलून बघायची आणि मगच पुढे न्यायची, ही त्याची रीत. त्यामुळे पेशंट खुर्चीत बसायच्या आधी म्हणायचा, “बाई, आधी तुमी बसा. काटा बरूबर हाय का बघू.” पहिल्यांदा मी चिडले. मग दर बाजारच्या दिवशी सगळ्यांसमोर एकदा स्वतःची चाचणी द्यायला लागले. एका उन्हाळी दुपारी, जेवण न झालेलं, पंखा बंद, माझा आलेख ‘साधारण’ आला. चार वाजेपर्यंत ती बातमी भाजीबाजारात पोचली होती. कोथिंबीर घेताना एका बाईने मला धीर दिला.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हटलं तरी चालेल. ऊस नव्हता, रस्त्याला टँकर तेवढे दिसत. अशाच एका बाजारच्या दिवशी कडा गावाच्या पुढच्या एका खेड्यातून एक नवराबायको आले. काका पासष्टीचे, कडक इस्त्रीचा सदरा-पायजमा, गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेली किल्ली. मावशींच्या हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर, आता काय ऐकावं लागतंय, अशी भीती.

काका बसायच्या आधीच बोलले. “बाई, माझं डोकं तपासा. शाबूत असंल तर शाबूत म्हना, नसंल तर न्हाई म्हना. मधलं काई बोलू नका.”

मला असा पेशंट फार आवडतो. मी म्हटलं, “झालंय काय ते तर सांगा.”

काका गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे मोटरवाले होते. मागे एका दुष्काळात गावाने भागभांडवल गोळा करून सहकारी संस्था काढली होती. एक विहीर, एक मोटर, आणि टेकाडावर एक टाकी. तीस वर्षं मोटर काकांच्या हातात होती. आता विहीर आटलेली. टँकर येऊन विहिरीतच रिकामा व्हायचा आणि तेवढं पाणी काका टाकीत चढवायचे. मग गावाच्या नळांना पाणी. पण गेले काही महिने गावात कुजबूज सुरू झाली होती की म्हाताऱ्याचं कामातून गेलं. टाकीवरून माणसं ओरडतात, नळापाशी बाया ताटकळतात, आणि हा बाबा बटनावर बोट ठेवून नुसता बसून राहतो.

“मी झोपत न्हाई, बाई,” काका म्हणाले. “जागाच अस्तो. पर मग टाइम कावून व्हतो ते मला उमगत न्हाई. माझा बाप शेवटी मलाच इचारायचा, पावणं कोन गावचं म्हनून. तसंच माझं व्हायलं असंल तर आत्ताच कळू द्या.” मग किल्ली मुठीत धरून म्हणाले, “विहिरीत गाळ काढायला मानसं उतरत्यात. खाली मानसं हायेत आन् वरून मी चुकून मोटर चालू केली, पान्यात करंट उतरला तर? इसरभोळ्या मानसानं त्या बटनाला हात लावू ने.”

लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक ‘काही नाही म्हणून लिहून द्या’ असं सांगायला. स्वतःच्या हातातलं काम सोडायची तयारी ठेवून आलेला हा पहिला माणूस.

मी चाचणी लावली. सूचना समोरासमोर बसून नीट समजावल्या. काका माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. मला वाटलं, किती लक्ष देऊन ऐकतायत! मावशी कोपऱ्यातल्या स्टुलावर होत्या. वर्तुळांचा भाग चालू असताना त्या अचानक म्हणाल्या, “अवो बाई, ते…”

मी फाडकन बोलले, “मावशी, गप्प बसा. मधे कोणी बोललं की सगळं वाया जातं.”

मावशींनी पदर तोंडाशी धरला.

आलेख बघून माझं तोंड उतरलं. आकृत्यांच्या भागात काकांचे गुण त्यांच्या वयाच्या माणसांपेक्षा बरेच वर होते. पण बारा शब्दांपैकी त्यांना तीन सांगता आले. आणि वर्तुळांचा तर सगळा उलटा कारभार. हिरवं दिसलं की काका थांबून राहत, बोट कळीवर, दाबायचं नाव नाही. लाल दिसलं की मात्र ठप्पकन दाबत, तरुणाला लाजवील अशा वेगाने. जिथे हात आवरायचा तिथे आवरत नाही, जिथे चालवायचा तिथे चालत नाही. पुस्तकात याचा अर्थ चांगला लिहिलेला नसतो. पहिला भाग इतका उत्तम कसा आला, याचा मी त्याच क्षणी विचार करायला हवा होता. केला नाही. नवं यंत्र, त्याचा सुंदर आलेख, आणि मला आपण फार शहाण्या असल्याचा भास.

मी म्हटलं, “काका, काळजी घ्यायला लागेल. मेंदूचा फोटो काढून घेऊ. तोपर्यंत…”

“तोवर मोटर नगं,” काकांनीच वाक्य पुरं केलं. गळ्यातली किल्ली काढली आणि मावशींच्या पिशवीत टाकली. “चेअरमनकडं दिऊन टाकू.” आवाजात राग नाही, काही नाही. ते जिना उतरून गेले तरी मी बराच वेळ पुढच्या पेशंटला आत बोलावलं नाही.

पुढच्या बाजारी मावशी एकट्याच आल्या. फोटो काढायची तारीख अजून लांब होती. मी विचारलं, “काका कसे आहेत?”

“जेवत न्हाईत धड. मोटर चालू झाली की उठून घरात जात्यात.” मग त्या जरा पुढे सरकल्या. “बाई, एक इचारू का? रागावनार न्हाई ना?”

“नाही रागावणार.” हे मी बऱ्यापैकी रागातच म्हटलं असावं.

“त्या दिशी ते हिरवं चाक आलं की आमचे मालक इचारत व्हते. तुमी कावून ‘सोड’ म्हनला न्हाई?”

“काय विचारत होते?”

“सोडू का, म्हनून. व्हटातल्या व्हटात. दर येळी. तुमी काईच बोलला न्हाई, मग त्यायनी कसं दाबावं?”

मी खुर्चीतून उठलेच. “मग मला तेव्हाच सांगायचं नाही का, मावशी!”

“सांगाय लागलते की. तुमी गप बसा म्हनलात.”

आयुष्यात मला पुष्कळ जणांनी पुष्कळ सुनावलंय. इतकं नेमकं आणि इतक्या गोडीत कुणी नाही. मी दुसऱ्या दिवशीचे सगळे पेशंट पुढे ढकलले आणि सकाळीच त्यांच्या गावाला गेले.

विहिरीपाशी पत्र्याची खोली, खोलीत भिंतीवर स्टार्टर. दोन बटनं, वर हिरवं, खाली तांबडं. काका आत यायला तयार नव्हते, उंबऱ्याबाहेर उभे राहूनच त्यांनी मला पद्धत सांगितली. टाकी टेकाडावर, इथून दिसत नाही. टाकीवर एक माणूस व्हॉल्व्ह बघायला असतो. काकांनी ओरडून विचारायचं, ‘सोडू का?’ विहिरीतून कुणी नाही म्हणालं नाही, आणि वरून ‘सोड’ आलं, की मगच हिरवं दाबायचं. तीस वर्षांत एकदाही त्यांनी न विचारता मोटर सोडली नव्हती.

“आणि तांबडं?” मी विचारलं.

“तांबड्याला काय इचारायचं? तांबडं म्हंजी धोका, दिसला की दाबायचं. आधी बंद, मग चौकशी.” काका पहिल्यांदाच थोडे हसले. “हिरव्याला परवानगी लागती, बाई. तांबड्याला न्हाई.”

मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माझ्या चाचणीत पेटी होती, कळ होती, हिरवं होतं, लाल होतं. आणि तीस वर्षं शेकडो माणसांचा जीव सांभाळलेला हात आपलं काम अगदी चोख करत होता. मी त्याला बिघाड म्हणाले होते.

पण एवढ्यावर भागत नव्हतं. गावाची तक्रार खरी होती, मोटर उशिराच सुटत होती. आणि बारा शब्दांपैकी तीनच का? मी विचार करतेय तेवढ्यात टेकाडावरून कुणीतरी खणखणीत हाक दिली, “कोन आलंय रे मोटरीवर?” मी वळून वर बघितलं. खोलीतला नवा मोटरवाला वळला. आंब्याखालचं कुत्रंसुद्धा वळलं. काका माझ्याकडे बघत उभे.

मी फाईल तोंडापुढे धरली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “काका, आज जेवायला काय होतं?”

काकांनी फाईलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “काय दाखवायलात, बाई?”

मी हसायला लागले. तिथे, त्या पत्र्याच्या खोलीपाशी, वेड्यासारखी हसत सुटले. लोकांना वाटलं असेल की आता हिचीही तपासणी करायला लागणार. काकांना ऐकू येत नव्हतं! समोर बसलेल्या माणसाच्या ओठांवरून ते सगळं समजून घेत, इतकं हळूहळू शिकलेले की त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. टाकीवरून ‘सोड’ येत होतं, ते पोचत नव्हतं; कुणी खाली येऊन समोर सांगितलं की मगच मोटर सुटायची. लॅपटॉपला ओठ नव्हते, म्हणून शब्द गेले. ते विसरत नव्हते, वाट बघत होते.

“मी तर म्हनतच व्हते,” मागून मावशी म्हणाल्या, “की ह्यांना घरातलं बोललेलं ऐकू जात न्हाई. तर समदे म्हनले, नवरे असेच अस्त्यात.”

नगरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं आणि दोन्ही कानांना यंत्रं दिली. यंत्रांची सवय झाल्यावर मी काकांना परत खुर्चीत बसवलं. त्याच चाचणीचा दुसरा संच घेतला, म्हणजे आधीचे शब्द आठवायची सोय नको. या वेळी सुरू करायच्या आधी मी त्यांना म्हटलं, “काका, हे नीट ऐका. या विहिरीत कोणी उतरलेलं नाही. टाकीवरही कोणी नाही. हिरवं आलं की कुणाला न विचारता दाबायचं. आणि तांबडं नुसतं बघायचं, हात लावायचा नाही.”

“विहिरीत कोनी न्हाई? पक्कं?”

“पक्कं. मी बघून आलेय.”

“मग हरकत न्हाई.”

आणि काका सुटले. पहिल्या दोनतीन वर्तुळांना हात अडखळला, नंतर कळीचा टपटप आवाज माझ्या खोलीत असा घुमला की खालचा दुकानदार वर येऊन बघून गेला. तांबडं आलं की काका हात पाठीमागे नेत आणि त्याच्याकडे रागाने बघत. बारा शब्दांतले दहा त्यांनी सांगितले, वीस मिनिटांनी पुन्हा विचारले तर अकरा. आलेख आला तेव्हा मी लॅपटॉप उचलून दोघांपुढे धरला. “शाबूत! मधलं काही बोलत नाही. शाबूत!”

काकांनी आलेखाकडे बघितलंच नाही. डोळे पुसत ते मावशींना म्हणाले, “बापासारखं न्हाई झालं गं.” मावशी रडत होत्या आणि हसत होत्या. बाहेर थांबलेले लोक दार ढकलून आत आले, तेव्हा माझेही डोळे भरलेले बघून त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं. मी पेढे मागवले. माझ्या आजवरच्या कारकिर्दीत निदान चुकल्याबद्दल पेढे वाटायची तेवढीच वेळ.

संस्थेला पत्र लिहिलं. स्मरण, लक्ष आणि समज वयाच्या मानाने उत्तम, ऐकू कमी येते, यंत्र वापरून काम करायला हरकत नाही. पण काकांनी पत्र घेऊन सरळ किल्ली मागितली नाही. चेअरमनसमोर त्यांनीच अट घातली, असं मला नंतर कळलं. वारं असलं की यंत्रात घोंगावतं, तेव्हा टाकी आणि मोटर यांच्या मधे एक माणूस उभं करा. वरची हाक त्याने ऐकायची आणि खाली मला सांगायची. चेअरमन म्हणाले, माणूस कुठून आणायचं? काका म्हणाले, “हिला करा.” आणि बायकोकडे बोट दाखवलं.

पहिल्या दिवशी मला बोलावणं आलं. टँकर नुकताच विहिरीत रिकामा झालेला, नळांपुढे हंड्यांच्या रांगा, अर्धं गाव तमाशा बघायला गोळा. मावशी मधल्या बांधावर उभ्या. चारचौघांत नवऱ्याशी मोठ्याने बोलायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्या माणसाचं नाव आजवर तोंडातून काढलं नाही, आणि आता सगळ्या गावापुढे त्याला हुकूम द्यायचा. पदर नीट करून करून त्यांनी चुरगळून टाकला होता.

काकांनी हिरव्या बटनावर बोट ठेवलं आणि ओरडले, “सोडू का?”

टेकाडावरून खणखणीत आलं, “सोड!”

मावशींनी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. कुठलीशी म्हातारी हसली. काका बोट न हलवता उभे, मान बांधाकडे वळवलेली. एक मिनिट गेलं असेल. मी मनातल्या मनात मावशींना रागावत होते, प्रार्थना करत होते, दोन्ही एकदमच.

मग मावशींनी डोळे मिटले आणि जे काही पोटात होतं ते सगळं बाहेर काढलं, “सोडाऽऽऽ!”

काकांनी हिरवं दाबलं. मोटर घुमली, पाईप थरथरला, टाकीवर पाणी पोचल्याची आरोळी आली, आणि नळापाशी बायांनी एकच गलका केला. मावशी बांधावरच मटकन बसल्या आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की दोघीतिघींनी जाऊन त्यांना उठवलं.

चहा पिताना मी काकांच्या शेजारी बसले. दिवसभर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. मी विचारलं, “काका, खरं सांगा. टाकीवरच्या माणसाचं ‘सोड’ तुम्हाला ऐकू आलं होतं ना?”

“आलं की. साफ.”

“मग एवढा वेळ थांबलात कशासाठी?”

काकांनी बशीतला चहा संपवला. बांधाकडून मावशी बायांच्या घोळक्यात येत होत्या, अजून हसत.

“तीस वर्सं समद्या गावाला इचारून मोटर सोडली, बाई,” ते म्हणाले. “हिला आज पैल्यांदा इचारलं. उत्तर आल्याबिगर कसं दाबावं?”